काकूंचा पलंग आणि भाऊंची चळवळ

डॉक्टरांनी काकूंच्या पाठीवर दोन बोटं दाबली, काकू किंचाळल्या आणि डॉक्टर समाधानाने म्हणाले, "कडक लाकडी पलंगावर झोपायचं. पातळ गादी घालून. त्या सोफा-कम-बेडवर पुन्हा झोपलात तर माझ्याकडे येऊ नका, सरळ हाडांच्या दवाखान्यात जा."

दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत काकू काही बोलल्या नाहीत. सोबत आलेल्या त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे ग्रंथपालांना, ही शांतता चांगली परिचयाची होती. शेवटच्या पायरीवर काकू थांबल्या.

"ऐकलंत ना? लाकडी पलंग. होता आपल्याकडे."

होता, म्हणजे खरंच होता. काकूंच्या वडिलांनी सुतारासमोर ठाण मांडून करून घेतलेला. जाडजूड पाय, भरभक्कम कठडा आणि उशाशी कोरलेली दोन बदकं. सांगितले होते हंस, पण सुताराच्या हातून बदकं झाली. त्यातल्या एका बदकाची चोच मुलाने लहानपणी हातोडीने उडवली होती. असा हा पलंग ग्रंथपालांनी एका माणसाला दोन दिवसांसाठी दिला, तोही काकू बहिणीकडे गेलेल्या असताना, आणि तो आजतागायत परत आलेला नव्हता.

इथे ग्रंथपालांची बाजू मांडणं भाग आहे. गावच्या वाचनालयात उभी हयात घालवलेला हा माणूस. त्यांच्या हातून गेलेलं एकही पुस्तक कधी बुडालं नाही. ऑपरेशनच्या टेबलाकडे निघालेल्या एका सभासदाला त्यांनी दारात गाठून, "सगळं ठीक होईल, पण पुस्तक कुठल्या कपाटात आहे तेवढं सांगून जा," असं विचारलं होतं. पुस्तक देतानाही ते आधी फाटलेली पानं उघडून दाखवत, नंतर कटकट नको म्हणून. असा माणूस साध्या मासिकावरही तारखेचा शिक्का मारल्याशिवाय ते हाताबाहेर जाऊ देत नसे. आणि त्याने अख्खा पलंग नुसत्या तोंडी बोलण्यावर देऊन टाकला. माणसाची बुद्धी कधी कधी रजेवर जाते, ती अशी.

पण मागणाऱ्याचा युक्तिवादच तसा बिनतोड होता. मागणारे म्हणजे भाऊ. तेव्हा ग्रंथपालांच्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. गावात नळाला पाणी नव्हतं आणि भाऊंनी नगरपालिकेच्या फाटकासमोर ठिय्या द्यायचं ठरवलं होतं. "काका," ते ग्रीसचे हात पुसत म्हणाले होते, "जमिनीवर बसलेल्या माणसाला दोन हवालदार बगलेत हात घालून उचलतात आणि गाडीत टाकतात. मी दोनदा अनुभव घेतलाय. पण पलंगावर बसून कठडा घट्ट धरला की माणूस पलंगासकट उचलावा लागतो. आणि पलंग पोलिसांच्या गाडीच्या दारातून आत जात नाही. मी माप घेऊन आलोय."

झालंही अगदी तसंच. पलंग गाडीच्या दारात अडकला. अर्धा आत, अर्धा बाहेर, वर मूठ आवळलेले भाऊ आणि खाली घामाघूम पोलीस, असा फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत झळकला. त्या फोटोवर निवडणूक झाली, नगराध्यक्ष घरी गेले आणि भाऊ त्यांच्या खुर्चीत बसले. भाऊंचे भाऊसाहेब झाले. पाणी मात्र अजूनही एक दिवसाआडच येत होतं, पण आता त्याला टंचाई न म्हणता नियोजन म्हणत.

इकडे काकूंच्या नशिबी सोफा-कम-बेड आला. या वस्तूच्या मधोमध एक खटका होता. माणूस नेमका मध्यावर आला की त्या खटक्याला आपण पलंग नसून सोफा असल्याची आठवण होई आणि तो मिटे. काकूंची पाठ गेली ती या आठवणीपायी.

"माझा पलंग आणा," काकू म्हणाल्या. "तो येईपर्यंत मी जमिनीवर झोपणार. आणि तुम्ही सोफ्यावर."

शेजारी राहणारे ऑडिटर सल्ला द्यायला नेहमीच मोकळे असत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्यामुळे त्यांना स्वतः काही करायची सवय राहिली नव्हती. "अहो, त्यात काय एवढं! भाऊ म्हणजे आपल्या इमारतीचाच माणूस. नुसते जाऊन उभे राहा, पलंग संध्याकाळी घरी."

ग्रंथपाल इस्त्रीचा शर्ट घालून नगरपालिकेत गेले. पलंग शोधावा लागला नाही. दर्शनी दालनातच, चारी बाजूंनी लाल मखमली दोर बांधून, वर दिवा लावून तो ठेवला होता. बाजूला पितळी पाटी होती: 'याच पलंगावरून जनतेने सत्तेला जाब विचारला.' त्याखाली दुसरी पाटी: 'पलंगास हात लावू नये.' ग्रंथपालांना भरून आलं. त्यांनी नकळत हात पुढे करून चोच तुटलेल्या बदकाला गोंजारलं. त्याबरोबर सुरक्षारक्षकाने कानठळ्या बसतील अशी शिट्टी फुंकली आणि दालनातली सगळी माणसं त्यांच्याकडे चोर पाहावा तशी पाहू लागली. इस्त्रीच्या शर्टाचा काही उपयोग झाला नाही.

नगराध्यक्षांचे सचिव वरच्या मजल्यावर बसत.

"पलंग न्यायला आलोय," ग्रंथपाल म्हणाले.

"कुणाचा?"

"माझा. म्हणजे, बायकोचा. खालचा."

सचिवांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तो तुमचाच कशावरून?"

"उशाशी दोन बदकं आहेत. एकाची चोच तुटलीय. आमच्या मुलाने तोडली."

सचिवांनी संगणकात डोकं घातलं आणि बऱ्याच वेळाने बाहेर काढलं. "आमच्याकडे नोंद आहे ती 'हंसांकित पलंग' अशी. तुमचा बदकांचा पलंग हरवला असेल तर पोलिसांत तक्रार द्या."

"अहो, ती बदकंच आहेत! मान बघा ना, आखूड आहे!"

"नोंद झाली की हंस," सचिव म्हणाले आणि फोन उचलला.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि स्वतः भाऊसाहेब बाहेर आले. हातावर ग्रीसचा मागमूस नव्हता. त्यांनी ग्रंथपालांना मिठी मारली, चहा मागवला, काकूंची चौकशी केली, पाठीबद्दल ऐकून हळहळले. ग्रंथपालांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी पलंगाचा विषय काढला आणि भाऊसाहेबांचा चेहरा एकदम सभेतल्यासारखा झाला.

"काका, तो पलंग आता तुमचा राहिला नाही. माझाही राहिला नाही. तो जनतेचा झालाय."

"पण जनता त्यावर झोपत नाही ना. रिकामाच आहे."

"प्रतीक आहे ते, काका! उद्या मी तो दिला तर लोक काय म्हणतील? भाऊ चळवळ विसरले म्हणतील." भाऊसाहेबांचे डोळे पाणावले. स्वतःच्या बोलण्याने डोळे पाणावणं ही कला त्यांनी खुर्चीत बसल्यावर कमावली होती. "तुम्हाला अन्याय वाटतोय ना? मग आवाज उठवा! माझ्याविरुद्ध उठवा! मी स्वतः आंदोलनातून आलेला माणूस आहे, मला आनंदच होईल. फक्त नियमात राहून करा."

नियम खाली एका खिडकीवर मिळत. भाऊसाहेबांनी खुर्चीत बसल्याबरोबर केलेलं पहिलं काम म्हणजे ही 'आंदोलन सुसूत्रीकरण नियमावली'. पूर्वी म्हणे आंदोलनं कुठेही, कशीही होत आणि त्यात आंदोलकांचीच गैरसोय होई. आता त्यांच्यासाठी गावाबाहेर, कचरा डेपोच्या मागे, खास मैदान राखून ठेवलं होतं. घोषणा शेजारच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात द्यायच्या होत्या. आणि एका कलमाखाली ठळक रेघ मारलेली होती: 'आंदोलनस्थळी पलंग, खाट, बाजलं अथवा तत्सम फर्निचर आणण्यास सक्त मनाई.' हे कलम लिहिणाऱ्याला विषयाचं सखोल ज्ञान होतं हे ग्रंथपालांनाही मान्य करावं लागलं.

"किती आंदोलक?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"मी एकटाच."

"पाचांपेक्षा कमी असतील तर ते आंदोलन धरत नाही. ते रेंगाळणं होतं. त्याला दंड आहे."

"मग पाच आणतो."

"चारांपेक्षा जास्त झाले तर बेकायदा जमाव. त्याला अटक आहे."

ग्रंथपालांनी मनातल्या मनात हिशेब करून पाहिला. "मग बाई, आंदोलन होतं तरी किती माणसांचं?"

"ते तुम्ही बघा," बाई म्हणाल्या. "परवानगी द्यायला आमची काही हरकत नाही."

घरी आल्यावर ग्रंथपालांनी हा सगळा वृत्तांत सांगितला. काकू जमिनीवर आडव्या होत्या. त्यांनी छताकडे बघत विचारलं, "म्हणजे आणला नाहीत?"

"अगं, प्रक्रिया चालू आहे."

"पुस्तक आणायला लोकांच्या दवाखान्यापर्यंत जायचात. माझा पलंग म्हटल्यावर प्रक्रिया."

हे बोलणं ग्रंथपालांच्या वर्मी लागलं. बाहेर ऑडिटर होतेच. त्यांनी ताबडतोब आंदोलनाची तात्त्विक बाजू समजावून दिली, रेंगाळण्याचा दंड भरून मोकळं व्हावं असा तोडगा काढला, आपण मनाने सोबत आहोत असं सांगितलं आणि आपल्या घराचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल पुठ्ठ्यावर 'माझा पलंग परत द्या' असं सुवाच्य अक्षरात लिहून, नाकाला रुमाल लावून कचरा डेपोमागच्या मैदानात दाखल झाले. तिथे एका झाडाखाली आधीच कुणीतरी घडीच्या चटईवर बसलं होतं. जवळ गेल्यावर ग्रंथपाल थबकले. ते माजी नगराध्यक्ष होते. ज्यांनी भाऊंना पलंगासकट उचलायचा हुकूम दिला होता, तेच.

"या, या!" माजी नगराध्यक्षांनी सरकून जागा दिली. "कशाविरुद्ध?"

"पलंगाबद्दल आहे. तुम्ही?"

"मी एकूणच." त्यांनी आभाळाकडे हात केला. "अहो, आंदोलन म्हणजे लोकशाहीचा श्वास. या माणसाने तिचा गळा आवळलाय. पलंग आणू देत नाही! जगात कुठे असं ऐकलंय?"

"पण तुम्हीच तेव्हा..."

"ती वेळ वेगळी होती. मी तेव्हा सत्तेत होतो, मला पूर्ण माहिती मिळत नव्हती." मग त्यांनी ग्रंथपालांचा पुठ्ठा वाचला, पुन्हा वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद पसरला. "म्हणजे तो पलंग तुमचा! वा! तसाच आणखी एखादा आहे का हो घरी?"

ग्रंथपालांनी नाही म्हटलं. सोफा-कम-बेडचा उल्लेख त्यांनी टाळला.

दोघांनी मिळून, शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, म्हणजे एकमेकांना, घोषणा दिल्या. ऊन चढलं. वास वाढला. कचऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर येता-जाता हॉर्न वाजवून पाठिंबा देत होता, असा ग्रंथपालांचा समज झाला. प्रत्यक्षात ते दोघे त्याच्या वाटेत बसले होते. ग्रंथपालांना आपल्या आयुष्याकडे पाहून फार वाईट वाटलं. एवढी वर्षं लोकांना थोरामोठ्यांची चरित्रं वाचायला दिली, आणि आज आपण कचऱ्याशेजारी पुठ्ठा धरून बसलो आहोत, तेही रेंगाळणारे म्हणून.

अशा वेळी ऑडिटर धापा टाकत मैदानात आले. ते घराबाहेर पडले याचाच अर्थ काहीतरी भयंकर घडलं होतं.

"चला! काकू नगरपालिकेत आहेत! पलंगावर!"

झालं होतं ते असं. ग्रंथपाल बाहेर पडल्यावर काकू उठल्या, एक उशी आणि एक चादर काखेत मारली, रिक्षाने नगरपालिकेत गेल्या, लाल दोर उचलून आत शिरल्या आणि आपल्या पलंगावर आडव्या झाल्या. रक्षकाने शिट्टी वाजवली. काकूंनी चादर डोक्यावरून ओढून घेतली.

ग्रंथपाल पोचले तेव्हा दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बायका तक्रार विसरून पलंगाभोवती बसल्या होत्या. सचिव नियमावलीची पानं उलटत होते. समोर फौजदार उभे होते.

"बाई, आंदोलन करायला परवानगी लागते," फौजदार म्हणाले.

"आंदोलन कोण करतंय?" चादरीतून आवाज आला. "मी झोपलेय. डॉक्टरांनी सांगितलंय, कडक लाकडी पलंग."

सचिवांनी शेवटचं पान उलटलं आणि हताशपणे मान हलवली. मैदानाबाहेर निषेधासाठी बसणं, उभं राहणं, चालणं, ओरडणं, गाणं, सगळ्यावर बंदी होती. झोपण्याचा विचार कुणाच्या मनातच आला नव्हता.

मग भाऊसाहेब जिना उतरून आले. त्यांनी गर्दी पाहिली, पलंग पाहिला आणि क्षणभर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण ते सावरले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "मूठभरांच्या हट्टापायी सगळ्या गावाला वेठीला धरू नका. विरोधाला माझा विरोध नाही, पण ही जागा नव्हे, ही वेळ नव्हे आणि ही पद्धत तर नव्हेच नव्हे."

ग्रंथपालांनी कान टवकारले. कुठलं वाक्य कुठे वाचलं किंवा ऐकलं हे ते सहसा विसरत नसत. हेच वाक्य, याच सुरात, त्यांनी भाऊंच्या ठिय्याच्या वेळी फाटकासमोर ऐकलं होतं, कर्ण्यातून. ते म्हणणारे माजी नगराध्यक्ष आता त्यांच्या बाजूलाच उभे होते, आणि मूठ उंचावून ओरडत होते, "ज्या सत्तेला पलंगाची भीती वाटते, ती सत्ता झोपेतच जाते!" हे वाक्य भाऊंचं होतं. दोघांनी एकमेकांची भाषणं जणू वाचनालयातून नेल्यासारखी बदलून घेतली होती, आणि कुणीही ती परत करणार नव्हतं. ग्रंथपालांना मनापासून राग आला. पलंगाचाही आला नव्हता एवढा.

"उचला," भाऊसाहेब फौजदारांना हळूच म्हणाले.

"साहेब, बाईंनी कठडा धरलाय."

"मग पलंगासकट उचला आणि गाडीत घाला."

फौजदारांनी आपला उजवा अंगठा पुढे केला. नखाच्या जागी जुना व्रण होता. "साहेब, तेव्हा मी हवालदार होतो. मागच्या बाजूला मीच होतो. जात नाही तो गाडीत. तुम्ही तर वरच बसला होता."

बायका हसल्या. कुणीतरी मोबाईल उंच धरला. मग दुसऱ्या कुणीतरी. भाऊसाहेबांनी ते मोबाईल पाहिले. या पलंगावर एक माणूस आणि भोवती पोलीस, अशा फोटोचं पुढे काय होतं, हे त्या दालनात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर रुंद हसू आलं.

"काकू!" ते दोन्ही हात पसरून म्हणाले. "अहो, हा पलंग तुमचाच! मी आजच पाठवणार होतो. उतरा आता, चहा घ्या."

चादर थोडी खाली आली. "उतरणार नाही. मी उतरले की तो पुन्हा हंसांचा होईल. असाच घरी पोचवा."

आणि तसाच पोचवावा लागला. आठ पोलिसांनी पलंग खांद्यावर घेतला. कॅमेऱ्यासाठी एक पाय भाऊसाहेबांनी धरला आणि फाटकापाशी सोडून दिला. पुढे माजी नगराध्यक्ष घोषणा देत होते, मागून बायका, आणि सगळ्यात मागे ग्रंथपाल, हातात पुठ्ठा आणि काकूंच्या चपला घेऊन. नाक्यावर एका भल्या गृहस्थाने हात जोडले आणि खालच्या आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

"कुणी गेलं नाही," ग्रंथपाल तुसडेपणाने म्हणाले. "परत आलंय."

त्या दिवसापासून काकूंची पाठ सुधारत गेली आणि भाऊसाहेबांची तब्येत ढासळत गेली. निवडणुकीत झोपलेल्या काकूंचा फोटो भिंतीभिंतीवर लागला. काकूंना कुणी विचारलंही नाही. माजी नगराध्यक्ष पुन्हा आजी झाले. त्यांनी पहिल्याच बैठकीत लोकशाहीच्या श्वासाबद्दल सुंदर भाषण केलं, आंदोलनाचं मैदान कचरा डेपोच्याही पलीकडे, ओढ्याच्या काठी हलवलं, आणि नियमावलीत एक कलम वाढवलं: 'सार्वजनिक ठिकाणी आडवं होण्यास मनाई.'

आणि एका दुपारी ग्रंथपालांच्या दारावर थाप पडली. दारात भाऊ उभे होते. सचिव नव्हते, गाडी नव्हती. बोटांना पुन्हा थोडं ग्रीस लागलेलं होतं.

"काका," ते कळवळून म्हणाले, "फार अन्याय चाललाय. बोलू देत नाहीत, बसू देत नाहीत. आता ओढ्याकाठी नाही, थेट फाटकासमोर बसणार मी. म्हटलं, आपल्या माणसाकडे जावं. पलंग हवा होता. दोन दिवसांत परत आणतो."

 आयुष्यात मागायला आलेल्या माणसाला ग्रंथपालांनी कधी रिकाम्या हाताने पाठवलं नव्हतं, आणि या माणसाच्या तोंडावर दार आपटावं असंही त्यांना इतक्या तीव्रतेने कधी वाटलं नव्हतं.

"कोण आहे हो?" आतून काकूंनी विचारलं. त्या बदकांच्या उशाला टेकून निवांत पडल्या होत्या.

"भाऊ आलेत. पलंग मागताहेत. दोन दिवसांसाठी."

 आतून काकूंचा आवाज आला, अगदी प्रेमळ.

"त्यांना सोफा-कम-बेड द्या. परत नाही आणला तरी चालेल."

भाऊंचे डोळे पाणावले, आणि या वेळी बहुधा खरेच. त्यांनी खिशातून टेप काढून माप घेतलं. सोफा पोलिसांच्या गाडीच्या दारापेक्षा चांगला वीतभर रुंद होता. ते खूश झाले. "वा, काका! मधोमध बसतो, दोन्हीकडे झेंडे लावतो. फोटो झकास येईल. याच्याबद्दल काही सांगायचंय का? काही जपायला वगैरे?"

ग्रंथपालांनी तोंड उघडलं. देताना फाटलेली पानं दाखवायची त्यांची उभ्या आयुष्याची सवय होती. त्यांनी सोफ्याकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं, आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"काही नाही," ते म्हणाले. "मधोमधच बसा. आरामात."